सकाळी सहाला फोन का उचलत नाही

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत, "सकाळी सहाला फोन केला की उचलत का नाहीस? लोळत पडलेली असतेस ना?" मी हसून विषय बदलला, कारण ते दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं. आता लिहूनच टाकते. सहाला मी घरातच नसते. खंड्याने मला बाहेर काढलेलं असतं.

आई, तुझ्या कपाळावर आठी आली असणार. कुत्र्याचे केस, कुत्र्याचा वास, सोफ्याची दशा. सगळं खरं आहे, सोफ्याचं तर जरा जास्तच. पण मी शाळेत असल्यापासून बाबांनी "ऊठ, जरा पळून ये" म्हणून घसा कोरडा केला तरी मी ढिम्म हलले नव्हते. पुढे जिमचे वर्षाचे पैसे भरले आणि मोजून चार वेळा गेले. खंड्या भुंकत नाही की पांघरूण ओढत नाही. पावणेसहाला गादीच्या कडेवर हनुवटी टेकतो आणि बघत राहतो. त्या नजरेसमोर 'आज कंटाळा आलाय' म्हणायची सोय नाही. बाबा, तुम्ही नुसतं बघायला हवं होतंत. तुम्ही ओरडायचात.

बाहेर पडल्यावर पहिली वीस मिनिटं त्याची. सुरुवातीला यावरून आमची रोज जुंपायची. माझं लक्ष घड्याळातल्या पावलांच्या आकड्याकडे, आणि हा प्रत्येक खांबापाशी ठाण मांडून. मी दोरी ओढायची, तो चारही पाय रोवायचा. मग वाचलं की वास टिपणाऱ्या पेशी आपल्या नाकात साधारण ५०-६० लाख असतात, आणि कुत्र्यांच्या नाकात जातीप्रमाणे वीस ते तीस कोटींच्या घरात. म्हणजे मी त्याला डोळे मिटून फिरायला लावत होते की! त्या दिवसापासून ओढाओढ बंद.

आता मी नुसती बघते. आधी मान उंच करून हवेतच अंदाज घेतो, मग नाक खाली आणून गवताच्या एकाच पात्यापाशी थांबतो. नाकपुडीच्या बाजूला एक बारीकशी चीर असते, श्वास तिथून बाहेर जातो, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही. ती चीर भराभर थरथरते. दव नाकाला लागतं, शिंक येते, तो पुन्हा त्याच पात्याशी. एका पात्याला दीड मिनिट! शेजारचं तसंच दिसणारं पातं मात्र तो हुंगतही नाही.

या दीड मिनिटांत मी रिकामी नसते. कुंपणाच्या भिंतीला बोटं टेकून टाचा वर, टाचा खाली. बाबा, तोच व्यायाम, जो तुम्हाला पडल्यानंतर फिजिओथेरपीच्या बाईंनी टेबलाला धरून करायला सांगितला होता आणि जो तुमचा अजून 'उद्यापासून' सुरू व्हायचाय. पासष्टीच्या पुढे नुसतं चालणं पुरत नाही, आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळायचे आणि ताकदीचे व्यायामही करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोठ्या माणसांना ती आठवड्याला निदान १५० मिनिटं जरा दम लागेल असं चालायला सांगते. माझी ती शुक्रवारपर्यंत भरतात, हुंगण्यातला वेळ वजा करूनही.

मैदानाला लागलो की पाळी माझी. लांब दोरी सोडायची, भराभर चालायचं, मध्येच थोडं पळायचं. कधी कधी त्याच्या अंगात काय संचारतं कोण जाणे! पाठीची कमान करून, शेपूट आत घेऊन, काही कारण नसताना गोल गोल सुसाट सुटतो. दोनचार चकरा मारतो आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने येऊन बसतो. पहिल्यांदा मी पोट धरून हसले, दुसऱ्यांदा त्याच्यामागे पळाले. कुठे पोचायचं नसताना याआधी कधी पळाले होते, आठवत नाही.

आता एक कबुली. पावसाळ्यात माझी करंगळी सुजली होती ना, ती बाथरूममध्ये घसरून नव्हे. मी दोरीचा वेढा हाताला गुंडाळला होता, समोरून मांजर गेलं, आणि पुढचं काय सांगू. आई, रागावू नकोस. तेव्हापासून दोरीचा फास मनगटात आणि बाकीची नुसती मुठीत, बोटांना वेढा कधीच नाही. गळपट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा हार्नेसही घेतला. हिसका बसला तरी त्याच्या गळ्यावर ताण येत नाही.

उन्हाळ्यात सहाचे साडेपाच होतात. कुत्र्याला घाम फुटतो तो जवळजवळ पंजांच्या गाद्यांनाच, बाकी सगळा भार धापा टाकण्यावर. म्हणून निघण्याआधी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू टेकवून सात आकडे मोजते. तोवर हात ठेववला नाही तर घरी परत. लोक बघतात, बघू देत. जीभ बाहेर लोंबून टोकाशी पळीसारखी रुंद झाली की सावली शोधायची आणि पाणी द्यायचं, हेही आता नजरेत बसलंय.

खरं सांगायचं म्हणजे पत्राचं कारण वेगळंच आहे. खंड्या आता नऊ वर्षांचा झालाय. सकाळी अजून दणक्यात असतो, पण संध्याकाळी मागच्या पायांनी जरा जड चालतो. दहा पावलं, थांबा, पुन्हा दहा पावलं. मला तेवढ्या हळू चालवत नाही. बाबा, पुढच्या महिन्यात येणार आहात तर ती फेरी तुम्ही घ्याल का? हिसका तो देत नाही, संध्याकाळी तर मांजराकडेही बघत नाही. तरी पहिले चार दिवस दोरी माझ्याकडेच राहील. तुम्ही फक्त सोबत चालायचं, आणि तो थांबला की टाचा वर, टाचा खाली. आई, तुला कुणी ओढत नाहीये, पण कोपऱ्यावर एक बाक आहे आणि तो तिथे हमखास पाच मिनिटं बसतो.

बाबांचे लेसचे बूट आठवणीने बॅगेत टाक. चपला नकोत.

तुमची,
मनी