नीलू, ओवेनला खाली पाठवलं

किचनर, ऑन्टारिओ
८ फेब्रुवारी २०२६

प्रिय नीलू,

दिवाळीनंतर मी तुला ओळभरही लिहिलं नाही आणि तूही हट्टाने लिहिलं नाहीस, तेव्हा फिटंफाट. माझं बीपी गोळीवर ताब्यात आहे, अविनाशचा गुडघा होता तसाच, सई मजेत. प्रकृतिमान संपलं. ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. ओवेनला, आमच्याकडे राहून आइस हॉकी खेळलेल्या त्या पोराला, खाली पाठवलं.

इथे हे सांगायला माणूस नाही. मंडळातल्या बायकांना वाटतं तो आमचा भाडेकरू होता. पमीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "खाली म्हणजे अमेरिकेत?" भूगोल बरोबर आहे तिचा, पण पोरगं नकाशावर नाही, शिडीवर खाली आलंय. तू खो-खोच्या शिबिरातून परत आलीस तेव्हा फलटणच्या स्टँडवर मी उभी होते, म्हणून तुलाच लिहितेय.

ही आइस हॉकीची शिडी तुला एकदा समजावली होती, तेव्हा तू व्हिडिओ कॉलवर चक्क घोरायला लागलीस. पुन्हा सांगते, जागी राहा. सगळ्यात वर एनएचएल, ३२ संघ. त्यातल्या प्रत्येकाचा खालच्या एएचएलमध्ये एकेक संघ, पोरं तयार करायला. त्याच्याही खाली ईसीएचएल. पोरं एएचएलला नुसतं 'ए' म्हणतात, ईसीएचएलला 'कोस्ट', आणि एनएचएलला 'शो', जणू बाकी सगळीकडे तालीमच चालू आहे. आज एनएचएलमध्ये खेळणाऱ्या दर दहातले जवळजवळ नऊ जण 'ए'मधून वर गेलेत. लीगवाले हे उठताबसता सांगतात आणि ते खरंही आहे. पण हिशेब उलटा मांडून बघ. 'ए'मध्ये खेळलेल्या दहांतले किती वर पोचले? ते कोणी पोस्टरवर छापत नाही.

ओवेन आमच्याकडे आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. इथल्या ज्युनियर लीगमध्ये पोरांना पंधराव्या-सोळाव्या वर्षी निवडतात आणि मग ती घर सोडून परक्या गावात, परक्या कुटुंबात राहायला जातात. ओवेनची निवड झाली २०२० साली. आणि कोविडमुळे ऑन्टारिओच्या लीगचा २०२०-२१चा अख्खा सीझन झालाच नाही. एक सामना नाही! ज्या वर्षी वरची माणसं वही घेऊन बघायला येऊ लागतात, ते वर्ष या पोराने आपल्या गावी, टिमिन्सला, बापाने मागच्या अंगणात पाणी ओतून गोठवलेल्या बर्फावर एकट्याने घालवलं. एनएचएलचा ड्राफ्ट, म्हणजे वरच्या संघांनी पोरं निवडायची ती निवड, सात फेऱ्यांचा असतो, दोनशेवर नावं पुकारतात. २०२२ साली याचं नाव आलं नाही, पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

तरी चार सीझन आमच्या घरात राहून खेळला. तुला आठवतं ना, पहिल्या वर्षी तू म्हणालीस, "गोऱ्याचं पोर घरात, आता मटण कर रोज." कसलं मटण! धिरड्यावर मेपल सिरप ओतून खायचा, अविनाश तोंड फिरवून बसायचा. तळघरात त्याचं सामान वाळत घातलेलं असे. हातमोज्यांचा तो वास, बाई गं, उदबत्तीने हार मानली. सामन्याच्या दिवशी दुपारी जेवून झोपायचा आणि उठला की डायनिंग टेबलाशी बसून स्टिकला टेप गुंडाळायचा. टाचेकडून टोकाकडे, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवून, मग वरून मेण घासायचं. एक फेरा वाकडा गेला की सगळी टेप फाडून पुन्हा पहिल्यापासून. सई चिडवायची, तर शांतपणे म्हणायचा, पक, म्हणजे ती रबरी चकती, कुठून सुटणार हे मला न बघता कळलं पाहिजे. बचावफळीत खेळतो तो. बचाववाल्यांना पिकायला वेळ लागतो असं इथे सगळेच म्हणतात, म्हणून वीस वर्षांचा झाला तरी आम्हाला काळजी नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात 'ए'मधल्या एका संघाने करार दिला. संघाचं नाव लिहीत नाही, तुझी वहिनी सगळं फेसबुकवर टाकते. पेढे वाटले मी. पण त्या करारातली खोच मला तेव्हा कळली नव्हती आणि आता ती डोक्यातून जात नाही. एकाच ड्रेसिंग रूममध्ये दोन जातींची पोरं बसतात. एकांचा करार वरच्या एनएचएल संघाशी असतो; ती ड्राफ्ट झालेली, त्यांच्यावर क्लबचे पैसे आणि कोणातरी साहेबाची अब्रू लागलेली. असे करार एका क्लबला ५०पेक्षा जास्त करता येत नाहीत, म्हणून प्रत्येकाची जपणूक. दुसरी ओवेनसारखी, ज्यांचा करार फक्त खालच्या संघाशी. जर्सी तीच, बस तीच, सराव तोच.

नियम बघशील तर कोवळ्या पोरांच्या बाजूचाच आहे. गोलकीपर सोडून १८ जण सामन्याला उतरतात, त्यातले निदान १३ नवखे हवेत, म्हणजे ज्यांचे व्यावसायिक सामने ठरावीक आकड्याच्या आत आहेत असे. लीगमध्ये म्हातारे भरू नयेत म्हणून. वाचून मला वाटलं, वा, म्हणजे आपला ओवेन खेळणारच. अगं पण नवखे कोणते? बचावाला सहा जागा. दोन अनुभवी गडी, पोरांना सांभाळायला. उरलेल्या चारांवर वरच्या करारवाल्यांचा पहिला हक्क, कारण त्यांना खेळवलं नाही तर वरून फोन येतो. ओवेन सूट घालून वर गॅलरीत बसायचा आणि सामना संपला की जिममध्ये सायकल मारायचा. त्याचा फोन वाजणार कधी, तर कोणाचा तरी खांदा निखळला की. ईश्वराची शपथ, मी एकदा एका पोराला रिंकच्या कडेच्या बोर्डवर आपटताना बघून "उठू नकोस" असं मनात म्हटलं. त्या पोराला आई आहे, तिचा फोटो मी बघितलाय.

हे फक्त तुला कळेल. आपल्या खो-खोत बारातले नऊ मैदानात आणि आपण तिघी राखीव, खांबाशेजारी बसून कोणाचा पाय मुरगळतो का बघत. तू नंतर नऊत गेलीस, मी नाही गेले. जिल्ह्याच्या फायनलला तुझ्या आकाशी सुराने ती कोरेगावची पोरगी बाद झाली की नाही यावर आपण अजून भांडतो. नव्हती झाली, नीलू. बोटं हवेत होती. पंचांनी दिलं म्हणून दिलं.

असो. मागच्या मंगळवारी ओवेनचा फोन आला, मागे वॉशिंग मशीनची घरघर. कोस्टमध्ये राहायला खोली टीम देते, पगार आठवड्याच्या आठवड्याला आणि बेताचा, कपडे धुवायला लाँड्रोमॅट. म्हणाला, कोच ऑफिसात बोलावून छान बोलले. इथे वर बसून राहण्यापेक्षा तिथे रोज वीस-बावीस मिनिटं बर्फावर राहा, पहिला पास लवकर सुटू दे, अंगावर येणाऱ्यापासून अंतर कमी ठेव, आम्ही लक्ष ठेवून आहोत. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही गं. विसाव्या-एकविसाव्या वर्षी गॅलरीत बसून कोणी शिकत नाही, खेळूनच शिकतं. कोच खोटं बोलला असंही मी म्हणत नाही. पण "लक्ष ठेवून आहोत" हे वाक्य सगळ्यांनाच सांगतात. ज्याला वर न्यायचंय त्यालाही, आणि ज्याला फक्त संख्या भरायला ठेवलंय त्यालाही. आपण यातले कोणते, हे पोराला कसं कळावं?

अविनाशला काही शंका नाही. त्याच्याकडे यादी तयार असते. गोलकीपर बिनिंग्टन बघ, म्हणतो, कोस्टला कॅलमझूला खेळला, मग वर्षानुवर्षं 'ए'मध्ये, एकदा तर दुसऱ्याच संघाकडे उसना दिलेला, आणि २०१९ साली सेंट लुईसला एनएचएलचा स्टॅन्ली कप जिंकून दिला. अर्शदीप बेन्स बघ, व्हँकुव्हरजवळच्या सरेचा पोरगा, ड्राफ्टच झाला नाही, ज्युनियरच्या वेस्टर्न लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट काढले तेव्हा कुठे व्हँकुव्हरने करार दिला, त्यांच्या 'ए'मधल्या संघात, ॲबट्सफर्डला, दोन वर्षं घासला आणि २०२४ला एनएचएलमध्ये उतरला. गेल्या वर्षी ॲबट्सफर्डने 'ए'चा काल्डर कप जिंकला, बेन्स त्या संघात आणि कोच मॅनी मल्होत्रा, म्हणून अविनाशने शेजाऱ्यांना श्रीखंड वाटलं. अविनाशच्या हिशेबात आडनाव ओळखीचं वाटलं की माणूस आपल्याच आळीतला.

डेट्रॉइटवाले तर म्हणे पोरांना मुद्दाम जास्त पिकवायचे; नायक्विस्ट, टाटर वगैरेंना त्यांच्या 'ए'मधल्या संघात, ग्रँड रॅपिड्सला, ठेवलं, २०१३ला तिथे कप जिंकला आणि मगच ते वर पक्के झाले. मी म्हटलं, आढीत घातलेले सगळेच आंबे पिकतात का? तू दर वर्षी वरचा एक उचलून मला दाखवतोस. तेव्हापासून दोन दिवस आमच्यात फक्त चहापुरतं बोलणं.

आणि आता खरी गोष्ट, जी अविनाशलाही माहीत नाही. ओवेनने विद्यापीठाचा अर्ज भरलाय. ज्युनियरमध्ये जितके सीझन खेळलास तितक्या वर्षांची फी लीग देते, म्हणजे याची चार वर्षांची तजवीज आहे. पण तिला मुदत असते, आणि व्यावसायिक खेळत राहिलं की ती हातची जाऊ शकते. विद्यापीठांतही हॉकी असते, बरी असते. न्यू ब्रन्सविकच्या संघाने २०२३-२४ला ४३ सामने खेळून ४३ जिंकले. म्हणजे खेळ सुटणार नाही. सुटेल ती शिडी.

वडिलांना त्याने सांगितलेलं नाही. ते खाणीत काम करतात. हा माणूस पहाटे पाचला, उणे तीसमध्ये, पोराला रिंकवर सोडून शिफ्टला गेलाय, वर्षानुवर्षं. नव्या स्केट्ससाठी ओव्हरटाइम केलाय. त्याला कसं सांगू, असं ओवेन मला विचारतो. मग म्हणतो, काकू, तुम्हीच सांगा, सोडू का? आणि परवा त्याच्या आईचा मेसेज आला, तुझ्याशी काही बोललाय का तो? मी लिहिलं, जेवण बरं मिळतंय म्हणाला. खोटं नाही ते. पण त्या बाईने चार वर्षं स्वतःचं पोर माझ्या स्वयंपाकघरात ठेवलं, आणि मी तिला जेवणाचं सांगतेय.

माझं मत विचारशील तर, मला वाटतं त्याने जावं. हे वाटतं, आणि लगेच वाटतं की मला ते वाटतंय कारण मी स्वतः नऊत कधी गेलेच नाही. मला काय ठाऊक सोडणं काय असतं. परवा तो कोस्टचा सामना मी लॅपटॉपवर बघितला. शुक्र, शनि, रवि, तीन रात्री तीन सामने, त्यातला तिसरा. पोरांचे पाय शिशासारखे. आणि ओवेनने मागच्या कोपऱ्यातून, दोघं अंगावर असताना, मान वर न करता असा पास काढला की समालोचक अर्धा सेकंद गप्प. तेवढं बघितलं आणि माझं मत गेलं वाऱ्यावर.

म्हणून तुला विचारते. चाळीस वर्षांत विचारलं नाही, कारण विषय निघाला की तू म्हणतेस, "तूच म्हणाली होतीस पुरे झालं आता." मी तसं म्हणाले नव्हते. मी म्हणाले होते, "आता पुरे झालं का?" प्रश्न होता तो! पण ते राहू दे. शिबिरात पंधरा दिवस राहून यादीत नाव नाही म्हणून परत आलीस, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं तेव्हा गेली नाहीस, बँकेची परीक्षा दिलीस. ते तू ठरवलंस की अण्णांनी? आणि त्या वर्षी तुला कोणी तोंडावर सांगितलं असतं, सरांनी किंवा कोणीही, की तुझी निवड होणार नाही, तर बरं वाटलं असतं की त्या माणसाचं तोंड पुन्हा बघितलं नसतंस? खरं लिही. मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस, ते काम अविनाश करतो.

महिनाअखेर त्याला विद्यापीठाला कळवायचंय. तोवर तुझं उत्तर हवं.

तुझं सगळं विचारायचं राहिलंच. सासूबाईंचा दुसरा डोळा झाला का? शंतनूचं जमलं हे मला शकूताईकडून कळतं, तुझ्याकडून नाही, याचा हिशेब समोरासमोर करू. मुलगी नाशिकची म्हणे, छानच. मात्र तारीख जूनच्या आधी धरू नका, तिकिटं परवडत नाहीत आणि सईची परीक्षा असते. बँकेतून सुटलीस की अजून नाही? गच्चीच्या गळतीचं काय झालं?

उत्तर लिहूनच पाठव. व्हॉइस मेसेज नको, मागचा गाडीत ब्लूटूथवर लागला आणि तू अविनाशच्या बहिणीबद्दल जे बोललीस ते त्याने पूर्ण ऐकलं. फोनच करायचा तर रविवारी, तुझे रात्री नऊ. त्या वेळी तो मंडळाच्या मीटिंगला जातो आणि तास दीड तास येत नाही.

तुझी,
मंदा