डावा चाकू

प्रिय डावऱ्या,

सप्रेम नमस्कार. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, डावा गुडघा तुझ्या शापाने दुखतो. झाली खुशाली.

तुझ्या चिनूला मॉस्कोत अॅडमिशन मिळाल्याचा तुझा मेसेज वाचला. काकूंना आधी रशियाच वाटला असेल. त्यांना सांग, हे आयडाहोतलं मॉस्को, आमच्या बॉयसीपासून गाडीने पाच-सहा तास. त्याच मेसेजच्या शेवटी तू लिहिलंस, "डिसेंबरात तो घरी येईल तेव्हा त्याच्याबरोबर माझा चाकू पाठव." मी लगेच अंगठा दाखवून मोकळा झालो. त्याला आज सतरा दिवस झाले. आता खरं सांगतो. चाकूचं टोक मोडलंय.

फोन करू नकोस, आधी पुढे वाच.

गॅरेजमध्ये रंगाचा डबा उघडत होतो. स्क्रू-ड्रायव्हर हाताच्या अंतरावर होता, हे तू विचारायच्या आधीच कबूल करतो. टक् झालं आणि दोनेक मिलिमीटरचा तुकडा झाकणाच्या खाचेत अडकून बसला. चिमट्याने काढून काडेपेटीत ठेवलाय. सुजाता म्हणाली, "कृष्णेत सोडायच्या का अस्थी?" दुसऱ्या कुणाला सांगावं तर "नवा घे की" म्हणतात. नवा घेतलेला आहे रे! तेच तर लिहायचंय.

तुला आठवतं, २०१२ साली तू हा घेतलास तेव्हा मी आठवडाभर बोललो नव्हतो? घरभाड्यात माझे दोनशे अडकलेले, आणि हा गृहस्थ चारशेच्या वर डॉलर मोजून घडीचा चाकू घेऊन आला. वर पाटलांच्या बंटीच्या वाढदिवसाला मेणबत्त्या विझून गेल्या तरी तुझं व्याख्यान चालूच. चाकूचं नाव सेबेन्झा, म्हणजे झुलू भाषेत काम. ख्रिस रीव्ह नावाच्या चाकू बनवणाऱ्याने १९८७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पहिला केला, १९८९ मध्ये बिऱ्हाड बॉयसीला हलवलं. एकवीस वर्षं झाली म्हणून २००८ च्या मॉडेलचं नाव एकवीस. मी म्हटलं होतं, आमच्या आजीची विळी लग्नापासून चालली आणि तिला मॉडेल नंबर नव्हता. ते वाक्य मी अजूनही मागे घेत नाही. पण नऊ वर्षं तुझा चाकू रोज माझ्या खिशात आहे, हेही तितकंच खरं.

तू घरी परत निघालास त्या दिवशी विमानतळावर सिक्युरिटीच्या रांगेतून मागे फिरलास, खिशातून तो काढलास आणि माझ्या हातात न देता बाकावर ठेवलास. हातात दिला की भांडण होतं म्हणून. भांडण नाही झालं, पण नऊ वर्षांत आपण किती बोललो ते मोज. बाकाचा काही उपयोग झाला नाही.

मी ठरवलं होतं की पुसून कपाटात ठेवायचा. पहिल्याच आठवड्यात खोकी फोडायला काढला. आता अडचण अशी की तो डावखुऱ्यांसाठी केलेला. माझ्या उजव्या हातात पातं उघडं धरून ठेवणारी लॉकची पट्टी बोटांखाली यायची ती अंगठ्याच्या गादीखाली येते, आणि पातं उघडायची खुंटी पलीकडच्या बाजूला. त्यामुळे मी मधल्या बोटाने उघडायला शिकलो आणि मिटताना पट्टी तर्जनीने ढकलतो. क्लिप तळव्यात रुतायची. पहिल्या हिवाळ्यात तिथे घट्टा पडला, मग ती कुठे टोचते ते आठवेनासंच झालं.

२०२० च्या हिवाळ्यात मात्र लाज वाटली. म्हटलं, किती दिवस दुसऱ्याच्या चपला घालायच्या? स्वतःसाठी उजवा घेतला, एकतीस नंबरचा, लॉकच्या तोंडाशी सिरॅमिकची गोळी असलेला. वस्तू उत्तम, पण हातात घेतला की बोटं चुकीच्या जागी जातात. शिवाय नवा सेबेन्झा घट्ट असतो, चार-सहा महिने वापरल्याशिवाय मोकळा होत नाही. मोकळा नाही म्हणून मी वापरत नाही, वापरत नाही म्हणून तो मोकळा होत नाही. ड्रॉवरमध्ये पासपोर्टांशेजारी पडलाय.

टोक मोडलं त्या रात्री तुझा चाकू पूर्ण खोलला. पांढऱ्या ताटलीत एकेक भाग मांडला. ग्रीस काळंकरडं झालेलं, त्यात खिशातला दोऱ्यांचा बोळा आणि आंब्याची एक शीर. (इथला केंट आंबा म्हणजे हापूस नव्हे, हे मला माहीत आहे.) कांस्याचे वॉशर मात्र काय सुंदर झिजलेत! नवे असताना मळकट असतात, आता कडेने आरशासारखे. मूठ तू बघू नयेस. टायटॅनियमच्या त्या करड्या मॅट अंगावर किल्ल्यांचे चकचकीत ओरखडे, गोगलगाय फिरून गेल्यासारखे. लॉक पूर्वी पात्याच्या बुडाला जेमतेम अर्ध्यावर येऊन टेकायचं, आता पाऊण ओलांडलंय. मधे ते चिकटायलाही लागलं होतं, मिटताना तर्जनी दुखायची. टायटॅनियम पोलादाला धरून बसतं. लॉकच्या तोंडावर शिसपेन्सिल घासली आणि थांबलं. हा उपाय तूच सांगितला होतास, त्याचं श्रेय घे.

पुसून, नवं ग्रीस लावून जोडला. मधला स्क्रू पूर्ण आवळला तरी पातं जखडत नाही, कारण स्क्रू आतल्या बुशवर, म्हणजे छोट्या नळीवर आवळला जातो, पात्यावर नाही. ही करामत मला अजून दर वेळी जादूच वाटते. पातं सावकाश, तेलात बुडाल्यासारखं खाली आलं. आणि शेवटी ते बोथट नाक.

धारेबद्दलही सांगून टाकतो. पहिली दोन वर्षं मी साध्या दगडावर घासत बसलो. त्या पोलादात तीन टक्के व्हॅनेडियम, त्याचे कण दगडापेक्षा कडक, दगडच झिजायचा. मग हिऱ्याची पट्टी आणली आणि उत्साहात पात्याची रुंदी मिलिमीटरभर खाल्ली. आता दादांच्या जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर चार हात फिरवतो, तेवढं पुरतं. झटक्याने मात्र कधीही उघडला नाही, शपथ. तुझा तो ओरडा अजून कानात आहे.

तर आता काय करू? एक, कारखान्यात द्यायचा. घरापासून अर्धा तास. तिथे मुठीचे ओरखडे काढून पुन्हा मॅट करतात, पातंही बदलून मिळालं तर डिसेंबरात तुझ्याकडे नवाकोरा चाकू येईल आणि तुला काहीच कळणार नाही. मग हे पत्र कशाला लिहिलं? दोन, टोक मीच काढायचं. धारेकडून नाही, पाठीकडून घासत आणायचं, मधूनमधून पाण्यात बुडवत, तापू न देता. लांबी दोन मिलिमीटर कमी होईल, धार शाबूत राहील. हिऱ्याची पट्टी काढून ठेवलीय, तीन रविवार झाले. दुसऱ्याच्या वस्तूवर हात चालत नाही.

आणि तिसरं, ते लिहायला तीन पानं लागली. मला तो द्यायचा नाहीये. डावऱ्या, तुझ्या हातात तो चार वर्षं होता, माझ्या हातात नऊ. हा काही युक्तिवाद नाही, कोर्टात टिकणार नाही. नवा डावा घेऊन देतो म्हटलं तर तू शिव्या घालशील, आणि घालाव्यासच.

वहिनींच्या शाळेचं काय झालं? घराचा वरचा मजला चढला का? काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं बंटीकडून कळलं, तुझ्याकडून कळायला हवं होतं. चिनूला जाड जाकीट तिकडून घेऊ देऊ नकोस, इथे घेऊ. मॉस्कोला मीच सोडीन.

त्याला मी शेवटचं पाहिलं तेव्हा तो व्हिडिओ कॉलवर केळं खात होता, दोन्ही हातांनी. म्हणून एकच विचारतो, ड्रॉवरमधल्या त्या उजव्या चाकूकडे बघून विचारतो: तो लिहितो कुठल्या हाताने?

तुझा,
बाळ्या