काकू, आभाराच्या पानावर तुमचं नाव राहून गेलं

काकू, सप्रेम जय भीम.

पत्र तुम्हालाच आहे पण सगळ्यांसमोर लिहून राहिलो, कारण चूक पण सगळ्यांसमोरच झाली. माझं डेझर्टेशन मागच्या महिन्यात बाइंड होऊन आलं, काळं कव्हर, सोनेरी अक्षरं, आणि आभाराच्या पानावर गाइड, डिपार्टमेंट, लायब्ररी, आईबाबा, झाडून सगळे आहेत. तिसरं प्रकरण ज्यांच्यामुळे झालं त्या तुम्हीच तेवढ्या नाही. रात्री दोनला ते पान टाइप केलं होतं हे कारण सांगू शकतो, पण रोज दोन वेळा तुमचा डबा खाणाऱ्याने ते सांगू नये.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. नागपूरला श्रद्धानंदपेठेत मी रूम करून राहायचो आणि डबा काकूंकडून यायचा, झाकणावर लाल पेंटने 17 लिहिलेलं. विषय होता जर्मन तत्त्वज्ञ कांट, म्हणजे इतिहास कुठे चाललाय, माणूस सुधारत चाललाय का वगैरे. 1784 मध्ये त्याने एक छोटा निबंध लिहिला, त्यात तो म्हणतो की माणसांना एकमेकांशिवाय करमत नाही आणि एकमेकांशी पटतही नाही, आणि या ओढाताणीतूनच कायदे, राज्यं आणि शेवटी सगळ्या जगाला धरून चालणारी व्यवस्था घडत जाते. (आमच्या रूममध्ये चौघं आणि कूलर एक, त्यामुळे हे मला पुस्तकाशिवायच पटलं होतं.) अडलो पुढे. त्याच निबंधात तो स्वतःच कबूल करतो की यात एक विचित्र गोष्ट आहे: आधीच्या पिढ्या राबराब राबतात आणि इमारतीत राहायला मिळतं शेवटच्यांना. बरं, हाच माणूस पुढच्याच वर्षी, 1785 मध्ये, सांगतो की कोणत्याही माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका, तो स्वतःच साध्य असतो. मग त्या राबून गेलेल्या पिढ्यांचं काय? मी वीस पानं लिहिली, गाइडने लाल पेनाने एकच ओळ लिहून परत दिली, हे वर्णन झालं, आर्ग्युमेंट कुठाय.

त्या आठवड्यात डबा दोनदा तसाच वापस आला म्हणून तुम्ही स्वतः जिना चढून आलात, गुडघे दुखत असताना. "काहून रे बाबू, पाटवडी बी नाही खाल्ली?" मग मी तुम्हाला सगळा कांट ऐकवला, बिचाऱ्या तुम्ही पायरीवर बसून ऐकत राहिल्या. मला वाटलं तुम्ही म्हणाल जेव आधी. तुम्ही विचारलं, "मंग माह्या आजीले काय भेटलं, त्याच्या हिशोबात?"

आजीची गोष्ट मला तेव्हाच कळली. 14 ऑक्टोबर 1956 ला, बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली त्या दिवशी, ती गावाकडून पायी आली होती, पांढरं लुगडं उसनं आणलेलं, फडक्यात भाकरी. सही येत नव्हती, मरेपर्यंत आली नाही. आज तिची पणती म्हणजे तुमची मुलगी नर्स आहे. मी लगेच हुशारी केली, म्हटलं बघा काकू, हेच तर कांट म्हणतो, आजीने पाया घातला आणि ताई इमारतीत राहून राहिली. तुम्ही चिडलात, असं चिडलेलं मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. "ती काय कोणाच्या पायात दगड व्हाले आली होती? ती तिच्यासाठी आली होती. तिले जे भेटलं ते त्याच दिवशी भेटलं, घरी वापस जाताना ती तीच नव्हती."

झालं, इथेच तिसरं प्रकरण सुटलं. प्रगती म्हटलं की आपण फळ नेहमी पुढच्यांच्या पदरात टाकतो आणि मागच्यांचा खर्च धरतो, पण माणूस ज्या क्षणी मान वर करतो त्या क्षणी त्याचं त्याला मिळालेलं असतं, पुढे शाळा, नोकरी, कायदा येवो न येवो. म्हणजे 1784 चा हिशोब 1785 च्या नियमाने तपासायचा. गाइडने या वेळी लाल पेन काढलाच नाही. हे वाक्य तुमचं होतं काकू, मी फक्त तळटीपा लावल्या.

चौथं प्रकरण तर तुमच्या अंगणातच झालं. 1795 च्या निबंधात कांट म्हणतो की परक्या माणसाला दुसऱ्याच्या भूमीवर आल्यावर शत्रूसारखं न वागवलं जाण्याचा हक्क आहे, ही दयामाया नाही, हक्क आहे, कारण पृथ्वी गोल आहे, माणसं कितीही पांगली तरी फिरून एकमेकांसमोर येणारच आणि मुळात कोणत्याही जागेवर कोणाचा जास्त अधिकार नव्हता. (देशाचा मध्य म्हणून दाखवतात तो आपला झिरो माइलचा खांब पाहिला की मला हसू येतं, गोळ्यावर मध्य कुठचा?) पण हा हक्क फक्त भेटीचा, घरात ठाण मांडायचा नाही, आणि ती रेघ त्याने युरोपवाल्यांसाठीच ओढली होती, हिंदुस्थानात वखारींच्या नावाखाली फौजा आणल्या हे तो नाव घेऊन लिहितो. बावीस वर्षांनी, 1817 मध्ये, सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांनी भोसल्यांच्या फौजेला हरवलं तेव्हा आपण तेच पाहिलं. याच माणसाने आधी वंशांची उतरंड पण लावली होती, ते मी प्रबंधात झाकलं नाही. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "मंग त्याले बी शिकाले वेळ लागला."

दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणाऱ्या लोकांसाठी तुमच्याकडे ताडपत्री, चटया, पाण्याचे दोन ड्रम, संडासापुढे लाइन. तेलंगणातून आलेल्या एका म्हातारीने तुमच्या वरणाच्या गंजात वाकून पाहिलं, नाक मुरडलं, आपल्या गाठोड्यातून चिंच काढली आणि न विचारता टाकली. तुम्हाला तिची भाषा येत नव्हती, तिला तुमची. तुम्ही पळी तिच्या हातात दिली आणि बाजूला सरकून कांदा कापायला बसलात. मी म्हटलं काकू किती करता लोकांचं, तर म्हणे, "उपकार नाही हे, हा दिवस त्यांचाच आहे." हक्क आणि दया यातला फरक मला दहा पानांत नीट मांडता आला नव्हता.

आता कामाचं. एक कॉपी घेऊन येतोय, आभाराच्या पानावर हाताने लिहून चिठ्ठी चिकटवली आहे, अक्षर खराब आहे, ताईकडून वाचून घ्या. 17 नंबरचा डबा अजून माझ्याकडेच आहे, झाकण थोडं चेपलंय, तो पण आणतो. आणि या दसऱ्याला दोन दिवस आधीच येतो, ड्रम भरायचं काम माझं, तुम्ही गुडघे घेऊन टाकीवर चढायचं नाही.

तुमचा,
17 नंबर