बारा माणसांची भिंत : डॉ. जब्बार पटेल यांना नागपूरहून आभाराचं पत्र

नागपूर

आदरणीय डॉक्टर,

सा. न. वि. वि.

तुमच्याबद्दल लिहायला बसलं की लोक यादी काढतात. एकीकडे तुम्ही बसवलेली 'घाशीराम कोतवाल' आणि 'तीन पैशाचा तमाशा' ही नाटकं, दुसरीकडे तुमचे चित्रपट : 'सामना', 'जैत रे जैत', 'सिंहासन', 'उंबरठा', 'एक होता विदूषक', 'मुक्ता', 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर', शिवाय कुमार गंधर्वांवरचा 'हंस अकेला'. मग 'केवढं हे वैविध्य' म्हणायचं की झालं. आम्ही नागपुरातले काही नाटकवाले आणि काही सिनेमे दाखवणारे. आम्हाला यादीचा फारसा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो त्या सगळ्या कामातून आरपार गेलेल्या एका गोष्टीचा : माणसांचा घोळका कसा उभा करायचा, त्याला कुठे तोंड द्यायचं आणि कुठे पाठ. हे पत्र त्यासाठी.

सुरुवात अर्थातच भिंतीपासून. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम'चा पहिला प्रयोग झाला. विजय तेंडुलकरांची संहिता, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांचं नृत्य. प्रेक्षकांसमोर बारा ब्राह्मण एका ओळीत, झुलताना गाणारे. ते वळले की पाठींची भिंत, फुटले की बाजार, वाकले की दरबार. नेपथ्याचा खर्च जवळजवळ शून्य आणि अर्थ केवढा! जे पाठ करून उभे आहेत त्यांना मागे काय चाललंय ते सगळं ठाऊक आहे. भिंतच सामील आहे. कोकणातल्या खेळे आणि दशावतार या लोकनाट्यांचा अंश त्यात आहे, हे खरंच. पण पूर्व विदर्भात दंडार हे इथलं लोकनाट्य पाहत वाढलेल्या माणसाला ती ओळ परकी वाटत नाही, हेही तितकंच खरं.

इकडे ही भिंत उभी करायला घेतात तेव्हा ती बहुधा तीन ठिकाणी ढासळते. ढासळते कुठे आणि का, ते तुमच्याच रचनेकडे पुन्हा पुन्हा पाहून कळलं, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली जागा रुंदीची. खांद्याला खांदा लावून उभा माणूस सुमारे दीड फूट घेतो. बारांचे झाले अठरा फूट. रंगमंचाचं तोंड तीस फुटांचं असेल तर दोन्ही बाजूंना सहा-सहा फूट उरतात आणि पात्रं तिथून सुखानं येतात-जातात. तोंड चाळीस फुटांचं निघालं की पुष्कळ दिग्दर्शक घाबरून माणसं वाढवतात, सोळा करतात. तिथेच नाटक पसरट होतं. मागच्या पात्राला वाट देणारी मधली फट उघडायला वेळ लागतो आणि टोकाचा माणूस मृदंगापासून आणखी लांब जातो. माणसं वाढवू नयेत, विंगा आत ओढाव्यात. ओळ पुढच्या कडेपासून चारेक फुटांवर ठेवली तर मागे बदलाबदलीला दहा-बारा फूट मोकळे मिळतात.

दुसरी जागा वळण्याची. पाठ फिरल्यावर कुणालाच कुणी दिसत नाही, म्हणून नवखा नट मान तिरकी करून शेजाऱ्याकडे बघतो. एकानं बघितलं की लाट तुटते, आणि प्रेक्षकाला भिंत न दिसता बारा गोंधळलेली माणसं दिसतात. इशारा डोळ्यांनी घ्यायचाच नाही, कानांनी घ्यायचा. मृदंगाची एक ठरलेली तिहाई, म्हणजे तीनदा वाजणारा तोच तुकडा, आणि तिच्या शेवटच्या 'धा' या बोलावर वळण. झांज त्या वेळी गप्प, नाहीतर धा बुडतो. ओळीतली जागा उंचीप्रमाणे देऊ नये. मधे उंच आणि कडेला बुटके असं केलं की भिंतीला उंटाची पाठ येते. लयीला सर्वांत पक्के दोघे दोन्ही टोकांना ठेवावेत, कारण टोकं डगमगली तर मधले आपोआप डगमगतात. शक्य असेल तर पहिला आठवडाभर संवादाला हात लावू नये. आधी चार मात्रांवर नुसतं झुलणं, मग वळणं, मग फट उघडणं-मिटणं, मग गाणं आणि सगळ्यात शेवटी शब्द. उलट क्रमानं बसवलेली भिंत रंगीत तालमीत हमखास फुटते, कारण नट शब्दाच्या मागे धावतो आणि पाय राहून जातात.

तिसरी जागा श्वासाची. झुलत गाणारी बारा माणसं प्रत्येक ओळीच्या शेवटी एकाच वेळी श्वास घ्यायला लागली की गाण्याला भोक पडतं. सहा-सहाचे दोन गट करावेत. एक गट ओळीचा शेवट धरून ठेवतो तेव्हा दुसरा श्वास घेतो. हल्ली प्रत्येकाला कॉलर माईक लावण्याची हौस आहे. खांदे एकमेकांना घासले की त्यातून खरखर येते आणि उपरणं माईकवर आलं की आवाजच बसतो. पुढच्या कडेला खाली ठेवायचे तीन माईक पुरतात. फक्त ते रंगमंचाच्या फळ्यांवर थेट ठेवू नयेत, पावलांचे ठोके आत जातात. खाली जाड फोम घालावा.

कपड्यांची एक गोष्ट फुकटची असूनही कुणी सांगत नाही. पांढरीशुभ्र धोतरं दिव्याखाली डोळ्यांवर येतात आणि चेहरे काळवंडतात. धोतरं-उपरणी चहाच्या पाण्यात बुडवून वाळवली की रंग मऊ होतो. धोतर शिवलेलंच हवं, कारण तिसऱ्या गाण्यात कुणाचा तरी कासोटा सुटतोच. समोरून खालच्या कोनातून प्रकाश टाकला तर बारांच्या सावल्या मागच्या पडद्यावर बारा राक्षस होऊन नाचतात. दिवे वरून, सुमारे पंचेचाळीस अंशांत. आणि एक तेरावा नट, ज्याला बाराही जागा पाठ आहेत. तो रोज तालमीला येतो आणि बहुतेक प्रयोगांत विंगेत बसतो. त्याला मानधन द्यावं, एवढीच संयोजकांना विनंती.

या भिंतीपायी एक संस्था उभी राहिली, हे नव्या मुलांना ठाऊक नसतं. एकोणीस प्रयोगांनंतर नाटक थांबवलं गेलं, तेव्हा तुम्ही मंडळींनी १९७३ मध्ये थिएटर ॲकॅडमी काढली, नाटक पुन्हा उभं केलं आणि १९८० मध्ये युरोपात नेलं. घोळका रंगमंचाबाहेरही एकत्र राहिला म्हणून ते जमलं.

'तीन पैशाचा तमाशा'त तुम्ही हाच घोळका उलटा वापरला. जर्मन नाटककार ब्रेख्तचं १९२८ चं नाटक, त्यामागे इंग्रज नाटककार जॉन गेचं १७२८ चं, आणि १९७८ मध्ये पु. लं.नी त्याला दिलेला मराठी तोंडवळा. तिथे भिंत नाही, बाजार आहे. नाट्यपदाच्या शेजारी लावणी आणि तिच्या शेजारी नंदू भेंडे यांचा रॉकचा गळा. तीन गायकी एका पट्टीत कोंबल्या की तिन्ही मरतात, हे हौशी संगीत नाटकं बसवणाऱ्यांनी त्यातून घ्यावं. पट्टी गळ्याची, गाण्याची नाही.

सिनेमाकडे वळलात तरी घोळका सुटला नाही, आणि आम्हाला सर्वांत जास्त नवल याचं वाटतं. 'सामना'त गाव तिथला सत्ताधीश हिंदुराव याच्या मागे उभं आहे आणि दारू पिणारा एकटा मास्तर 'मारुती कांबळेचं काय झालं?' हा एकच प्रश्न विचारत राहतो. भिंतीसमोर एक माणूस. निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू यांच्या जुगलबंदीबद्दल सगळे बोलतात, ते योग्यच आहे, पण अभिनयाच्या वर्गात हा चित्रपट दाखवायचा असेल तर एकदा त्या दोघांना सोडून फक्त आजूबाजूची माणसं बघायला सांगावं. कोण कधी नजर खाली घालतो, ते मोजायचं. १९७५ मध्ये हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गेला.

'सिंहासन' (१९७९) नागपूरकर जरा वेगळ्या डोळ्यांनी बघतात. दर डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की आमच्या सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवर पांढऱ्या गाड्या आणि कानाला फोन लावलेली माणसं दिसायला लागतात. अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्या एकत्र करून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, आणि तुम्ही इतकी पात्रं हाताळलीत की कुणी कुणात मिसळलं नाही. कसं? प्रत्येकाला ओळखीची एक खूण आणि प्रत्येकाचा मुख्यमंत्र्याशी एक धागा. पत्रकार दिगू टिपणीस सगळ्यांकडे जातो म्हणून प्रेक्षक हरवत नाही. दहापेक्षा जास्त पात्रांची संहिता लिहिणाऱ्यानं हा फिरता पत्रकार जरूर चोरावा. आणि 'उषःकाल होता होता' तिथे आलं ते आमच्या सुरेश भटांचं. ते जन्मले अमरावतीला, गेले नागपुरात, आणि इथल्या रेशीमबागेतल्या सभागृहाला त्यांचं नाव आहे. 'उंबरठा'तही त्यांची 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' ही गझल तुम्ही घेतलीत, हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत, लताबाईंच्या आवाजात. वैदर्भीय माणूस याबद्दल जरा जास्तच बोलतो, माफ करा.

'जैत रे जैत'मध्ये ठाकर आदिवासींचा घोळका गातो तेव्हा गाणं कथेला थांबवत नाही, पुढे ढकलतं. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ना. धों. महानोरांचे शब्द. गावात नाटक बसवताना गाणं कुठे टाकायचं असा प्रश्न पडला की एक साधी कसोटी लागू पडते : ते गाणं काढून टाकलं तर पुढचा प्रवेश कळतो का? कळत असेल तर ते काढावंच.

'उंबरठा'तल्या महिलाश्रमातल्या बायका आम्ही नाट्यशिबिरांत आवर्जून दाखवतो. समूहातल्या प्रत्येक नटीला एक हातकाम द्यावं, निवडणं, शिवणं, वेणी घालणं, आणि मुख्य पात्र आत आलं तरी ते थांबवू नये. थांबलं की फोटो होतो.

आता 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'. मम्मुटींना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, नितीन देसाईंचं कलादिग्दर्शन होतं, हे सर्वश्रुत आहे. ज्या आयुष्यावर हा चित्रपट आहे त्यातला १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस आमच्या शहरातला, दीक्षाभूमीचा. त्यामुळे तो वस्तीत, मैदानात दाखवायची मागणी दरवर्षी असते, आणि तो दाखवताना हमखास होणाऱ्या चुका इथे नोंदवून ठेवतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांच्याही कामी येतील.

मूळ चित्रपट इंग्रजीत आहे. डब केलेली प्रत मिळाली का, की खाली अक्षरं असलेली, हे आधी तपासावं. अक्षरं असतील तर पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान पाच फूट वर हवी, नाहीतर पुढे उठबस करणाऱ्यांच्या डोक्यांआड ओळी जातात. पडदा मागून मोकळा सोडला तर ऑक्टोबरच्या वाऱ्यानं फुगतो आणि चेहरे पोटासारखे दिसतात. दोऱ्या ताणून चालत नाही, चारही कडांना बांबूची चौकट हवी. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पुढच्या स्पीकरपासून ३४ मीटर मागे दुसरे स्पीकर लावले तर मागच्यांना तोच शब्द सेकंदाच्या दहाव्या भागाच्या अंतरानं दोनदा ऐकू येतो आणि भाषणांच्या प्रसंगांत काही कळत नाही. मागच्या स्पीकरला १०० मिलिसेकंदांचा विलंब द्यावा, मिक्सरमध्ये ती सोय असते. आणि वेळ : चित्रपट सुमारे तीन तासांचा, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. म्हणजे पावणेसातला पडद्यावर पहिलं दृश्य हवं. सहाला येणाऱ्या पाहुण्यांची भाषणं पाऊण तासात आटोपणं हा या सगळ्यातला सर्वांत अवघड तांत्रिक भाग आहे, आणि त्यावर यंत्र निघालेलं नाही.

'एक होता विदूषक' आणि 'मुक्ता' यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याकडून तुम्ही काय काढून घेतलंत, यावर वेगळं पत्र होईल.

२०१९ चं नव्व्याण्णवावं नाट्यसंमेलन नागपुरात झालं आणि शंभराव्याचे अध्यक्ष तुम्ही झालात. एका आकड्यानं हुकलात. अध्यक्ष म्हणून नको, तालमीला म्हणून या. एक शंका तुमच्याकडूनच सोडवून घ्यायची आहे. भिंत फुटून बाजार होतो त्या क्षणी आम्ही सहाव्या आणि सातव्या माणसाचा आतला पाय आधी उचलायला लावतो, म्हणजे फट मधून पडते. पण मग टोकाचे दोघे अर्धी मात्रा मागे राहतात. टोकांपासून सुरुवात केली तर फट उशिरा उघडते आणि मागचं पात्र अडकतं. दोन्हींत झुकतं माप कुणाला द्यायचं?

तुमचे,
नागपुरातले काही नाटकवाले आणि सिनेमे दाखवणारे