मॉरिशसला जाताय? एक दिवस समुद्राकडे पाठ करून फिरा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पर्यटन पुरवणीतला मॉरिशसवरचा पानभर लेख वाचला. फोटो सुरेख होते, पण निळं पाणी, पांढरी वाळू, पॅरासेलिंग आणि हनिमून पॅकेज याच्या पलीकडे त्यात काहीच नव्हतं, म्हणून हे पत्र लिहायला बसले. मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, सह्याद्री कसा झाला ते दरवर्षी फळ्यावर काढून दाखवलं, आणि दोन वर्षांपूर्वी मुलाने आम्हा दोघांना मॉरिशसला नेलं तेव्हा कळलं की तेच चित्र तिथे पुढे चालू आहे, नि आपली माणसं तिथवर जाऊन ते न बघताच परत येतात.

आधी हे सांगते कारण याशिवाय बाकी सगळं कोरडं वाटेल. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या खोल पोटातल्या एका तप्त जागेतून लाव्हा वर येत राहिला, थरावर थर बसले आणि आपलं दख्खनचं पठार तयार झालं. ती तप्त जागा जवळजवळ तिथेच राहिली आणि वरचा आपला भूखंड उत्तरेकडे सरकत गेला, त्यामुळे मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी बेटांची माळ लागत गेली, त्याच माळेत ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर आलं, नि आज तीच जागा शेजारच्या रियुनियन बेटाखाली धगधगतेय. म्हणजे रायगडाचा कातळ आणि मॉरिशसचा कातळ एकाच चुलीवरचे, फक्त आपली भाकरी आधी उतरली. शास्त्रज्ञांत यातल्या तपशिलांवर वाद आहेत, पण मुख्य गोष्ट बहुतेकांना मान्य आहे.

आमच्या टूर कंपनीने सहा दिवसांतले चार समुद्रावर लावले होते आणि बेटाच्या आतल्या भागाला मिळाला एक दिवस, त्यातही दुपारी दीड तास शॉपिंग. क्यूरपीप गावातल्या त्रू ओ सेर या ज्वालामुखीच्या मुखाशी बस थांबली आणि गाईड म्हणाला पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं! साधारण तीनशे मीटर रुंद आणि ऐंशी मीटर खोल असा वाडगा आहे तो, आत उतारावर गच्च झाडी, तळाशी जरासं पाणी, नि काठावरून गावातली माणसं सकाळचं चालायला येतात जशी आपल्याकडे शाळेच्या मैदानावर येतात. बसमधले निम्मे लोक खालीच उतरले नाहीत कारण बाहेर धुकं आणि पाऊस होता. क्यूरपीप उंचावर आहे, तिथे असंच असतं, स्वेटर न्यावा लागतो, हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

तिथून गंगा तलावला नेलं, ते सगळेच नेतात. महाशिवरात्रीला लाखो लोक चालत येतात, त्या जागेविषयी वेगळं सांगायला नको, पण तो तलावसुद्धा एका विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं पाणी आहे हे आमच्या ग्रुपमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं, नि कळल्यावर सगळे पुन्हा एकदा काठावर जाऊन बघून आले. एवढं एक वाक्य सांगितलं तरी माणसं कशी बघायला लागतात बघा!

शामारेलची सात रंगांची माती तुमच्या लेखात एका ओळीत आली होती, त्या ओळीला थोडी जागा हवी होती. ती माती म्हणजे बेसॉल्टच, लाव्हा थिजून झालेला काळा कातळच, कुजून झालेली आहे, उष्ण दमट हवेत पाण्याने त्यातलं विरघळण्यासारखं सगळं वाहून नेलं आणि लोह नि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली, लोहामुळे तांबडा-तपकिरी आणि ॲल्युमिनियममुळे निळसर-जांभळा रंग येतो असं सांगतात. आपल्या कोकणातला जांभा दगड जवळजवळ अशाच रीतीने झालाय, त्यामुळे रत्नागिरीकडच्या माणसाला तो तांबडा उतार बघून परकं वाटतच नाही. कुंपणाच्या आत जायला मनाई आहे, तेव्हा कृपा करून कुणी आत पाय टाकून फोटो काढू नयेत. जवळच शामारेलचा धबधबा आहे, कड्याच्या माथ्यावरून पाणी एका उडीत खालच्या झाडीत पडतं.

तिथूनच पुढे ब्लॅक रिव्हर गॉर्जेस. १९९४ साली राष्ट्रीय उद्यान झालेली ही दरी आम्ही फक्त वरून पाहिली, पण ती वीस मिनिटं मला अख्ख्या सहलीत सगळ्यात जास्त आठवतात. खाली हिरवी दरी, समोर काळे कडे, नि त्या काळ्यावर शेपटीला लांब पांढरी पिसं असलेला एक पांढराशुभ्र समुद्रपक्षी तरंगत होता. याच बेटावरचा मॉरिशस केस्ट्रेल हा छोटा ससाणा १९७४ मध्ये रानात फक्त चार उरले होते, माणसांनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून तो परत आणला. जिथे डोडो पक्षी कायमचा संपला त्याच बेटाची ही गोष्ट आहे, ती आपल्या मुलांना कळायला हवी. ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांनी दरीत उतरणाऱ्या वाटांसाठी पूर्ण दिवस ठेवावा.

दक्षिणेला सुइयाक गावाजवळ रोचेस्टरचा धबधबा आहे, उंची फार नाही, पण पाणी ज्यावरून पडतं ते बेसॉल्टचे उभे चौकोनी-पंचकोनी खांब आहेत, लाव्हा थंड होताना आकसून तडकतो त्याने झालेले. अंधेरीची गिल्बर्ट हिल ज्यांनी पाहिलीय ते लगेच ओळखतील. जवळच ग्री ग्रीचा किनारा, तिथे प्रवाळाची भिंत तुटलेली आहे म्हणून लाटा थेट कड्यावर येऊन आपटतात, पोहायला अजिबात उतरू नये.

आता जे मला मुख्य सांगायचंय ते. उसाच्या शेतांमधून बस जाते तेव्हा मधेमधे काळ्या दगडांच्या मोठमोठ्या राशी आणि लांबच लांब गडगे, म्हणजे नुसते दगडावर दगड रचलेले बांध, दिसतात. मी ड्रायव्हरला विनंती करून एका ठिकाणी उतरले. हात लावून पाहिला दगड, खरखरीत, स्पंजासारखा भोकाभोकांचा, लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे तसेच राहिलेले. आपल्याकडच्या जुन्या दगडात त्या भोकांत बऱ्याचदा पांढरे स्फटिक भरलेले असतात, तिथे ती मोकळीच. एकेक दगड शेतातून हाताने उचलून ते गडगे रचलेत, ऊस लावायला जमीन मोकळी व्हावी म्हणून, आधी गुलामांनी आणि १८३४ नंतर गिरमिटियांनी, म्हणजे करारावर हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांनी. १९२० पर्यंत साधारण साडेचार लाख माणसं पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरली, त्यांत रत्नागिरीकडची आपली मराठी माणसंही होती, त्यांची पतवंडं आज तिथे गणपती बसवतात आणि आपल्या जाखडीला झाकरी म्हणून नाचतात. घर सोडून समुद्रापार गेलेल्या त्या माणसांच्या हातात तिथेही काळा कातळच आला, हे मनात आलं आणि मला पुढे बोलवेना.

ज्यांना जिवंत ज्वालामुखी बघायचाय त्यांच्यासाठी रियुनियन विमानाने पाऊण तासावर आहे. पितों द ला फूर्नेज हा जगातल्या सगळ्यात जागत्या ज्वालामुखींपैकी एक, आणि माफातच्या खोऱ्यात तर गाडीरस्ताच नाही, पायी जा नाहीतर हेलिकॉप्टरने. आम्हाला जमलं नाही.

तर विनंती दोन. टूर कंपन्यांनी बेटाच्या आतल्या भागाला किमान दोन पूर्ण दिवस द्यावेत, पैसे थोडे जास्त घ्यावेत, आम्ही देऊ. आणि तुम्ही पुरवणीत मॉरिशसवर पुन्हा लिहाल तेव्हा कोकणापासून खाली रियुनियनपर्यंतचा एक साधा नकाशा छापा. सोबत दोन फोटो पाठवतेय, एक तिथल्या उसाच्या शेतातल्या गडग्याचा आणि दुसरा आमच्या परसातल्या गडग्याचा. जागा असली तर शेजारी शेजारी छापा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, चिपळूण