जुन्या हंगामाची सीडी भंगारात देऊ नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला ई-स्पोर्ट्सवरचा लेख वाचला. नव्या स्पर्धा, बक्षिसं, नवे खेळाडू यांची माहिती चांगली होती. जुन्या व्हिडिओ गेम्सना मात्र ‘आठवणीत रमण्याचं साधन’ म्हणून एका ओळीत वाटेला लावलं आहे, ते मला पटलं नाही. माझी सगळी नोकरी शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून मुलींच्या बास्केटबॉल संघांसोबत गेली. निवृत्तीनंतर मी भाच्याबरोबर एका जुन्या बास्केटबॉल गेमचा अख्खा हंगाम खेळले, आणि त्यातून मला जे मिळालं त्याला आठवणींत रमणं म्हणता येणार नाही.

गेम होता ईए स्पोर्ट्सचा ‘एनबीए लाइव्ह २०००’. १९९९च्या अखेरीस आलेला. सीडी भाच्याच्या कॉलेजच्या दिवसांतली, आणि ती चालावी म्हणून त्याने विंडोज ९८ असलेला जुना संगणक अजून जपला आहे. आम्ही सिॲटल सुपरसॉनिक्स हा संघ घेतला. एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग; तिचा नियमित हंगाम ८२ सामन्यांचा. हवा तो सामना संगणकाला खेळायला लावून नुसता निकाल घ्यायची सोय गेममध्ये आहे, पण आपल्या संघाचा एकही सामना तसा सोडायचा नाही असं आम्ही आधीच ठरवलं. बाकीच्या २८ संघांचे आपसातले सामने संगणक लावतो आणि गुणतक्ता रोज हलत राहतो.

एखाद-दुसरा सामना सगळेच खेळतात. लेकर्स संघ घ्यायचा, त्यातल्या शकील ओनीलकडे चेंडू द्यायचा, डंक मारायचा (उडी मारून चेंडू वरून थेट बास्केटमध्ये घालायचा), झालं. अख्खा हंगाम मात्र वेगळ्याच गोष्टी शिकवतो. आपल्याकडच्या शालेय स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीच्या असतात. वर्षभर सराव करायचा, तालुक्याला किंवा जिल्ह्याला जायचं, आणि पहिल्याच सामन्यात हरलं की त्याच संध्याकाळी परतीची एसटी धरायची. माझ्या किती गुणी मुलींचं वर्ष असं चाळीस मिनिटांत संपलं. हरल्यावर दोन दिवसांनी पुन्हा मैदानात उतरायचं, झालेली चूक दुरुस्त करायची आणि त्याच संघाला महिन्याभराने पुन्हा भेटायचं, ही संधी त्यांना मिळालीच नाही. मलाही नाही. हरून पुढे खेळत राहणं म्हणजे काय, हे मला पहिल्यांदा या गेममध्ये कळलं. पॅसिफिक या आमच्याच विभागातल्या संघांशी पुन्हा पुन्हा गाठ पडते. सॅक्रॅमेंटोच्या जेसन विल्यम्सचे पास आम्हाला सुरुवातीला अजिबात कळत नव्हते. हंगाम सरत आला तेव्हा भाचा ते हवेतच अडवू लागला होता.

राखीव खेळाडूंचं मोलही असंच कळलं. गॅरी पेटन हा आमचा मुख्य खेळाडू. १९९६ साली एनबीएतला सर्वोत्तम बचावपटू ठरलेला. त्याला बाहेर बसवायला भाचा तयारच नसे. पण गेममधले खेळाडू दमतात, आणि दमलेल्या पेटनचे सोपे फटकेही चुकायचे. मग आम्ही वही घातली. कोण कधी बाहेर येणार, व्हिन बेकर दोन फाउलवर असेल तर आत कोण जाणार, सगळं लिहून खेळू लागलो. मी शाळेत जशी लिहीत असे, अगदी तशी वही.

खेळाचा इतिहास या सीडीत किती आहे, तेही सांगायला हवं. तेव्हा एनबीएत झोन बचाव, म्हणजे प्रत्येकाने एका खेळाडूऐवजी मैदानाचा एक भाग सांभाळणं, नियमात बसत नव्हता. ती मुभा २००१-०२च्या हंगामापासून मिळाली. त्यामुळे बास्केटकडे पाठ करून चेंडू घ्यायचा, खांद्याने बचाव चाचपायचा आणि वळून फटका मारायचा, या पोस्ट खेळाला फार किंमत होती. १९९९-२००० मध्ये एक संघ सामन्यामागे सरासरी १३.७ वेळा तीन गुणांचा फटका मारायचा. २०२३-२४ मध्ये हा आकडा ३५च्या वर गेला होता. आज मैदानावर नव्याने आलेली मुलगी पहिला चेंडू हातात येताच तीन गुणांच्या रेषेवर जाऊन उभी राहते, कारण तिने तेच पाहिलं आहे. त्या काळचा सॅन अँटोनियोचा खेळाडू टिम डंकन बोर्डावर चेंडू टेकवून कसा बास्केट करायचा, हे समजवायला मी फळ्यावर खडूने आकृत्या काढल्या आहेत. गेममध्ये डंकनच्या विरुद्ध चार क्वार्टर बचाव करून पाहा, मग वेगळं समजवावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र खेळताना जड गेली. शार्लट हॉर्नेट्सचा बॉबी फिल्स १२ जानेवारी २००० रोजी मोटार अपघातात गेला, वयाच्या तिसाव्या वर्षी. मिनेसोटाचा मलिक सीली त्याच वर्षी २० मे रोजी गेला. दारू पिऊन उलट्या बाजूने गाडी चालवणाऱ्या माणसाने त्याच्या गाडीला धडक दिली. त्याचंही वय तीसच. दोघांच्या संघांनी त्यांचे जर्सी क्रमांक कायमचे मागे घेतले. आमच्या हंगामात फेब्रुवारी उजाडला तरी फिल्स शार्लटकडून खेळत होता, चिवट बचाव करत होता. त्या सामन्यात भाचा आणि मी फारसं बोललो नाही.

आणि खुद्द सिॲटलचा संघ! १९६७ पासून त्या शहरात खेळलेला, १९७९चा विजेता. २००६ मध्ये तो विकला गेला आणि २००८ मध्ये नव्या मालकांनी तो ओक्लाहोमा सिटीला नेला. पुढे सॅक्रॅमेंटो किंग्ज विकत घेऊन सिॲटलला आणायचा प्रयत्न झाला, पण मे २०१३ मध्ये एनबीएच्या संघमालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारलं, आणि किंग्ज घेतले मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या गटाने. सॅक्रॅमेंटोच्या लोकांचा संघ वाचला याचा मला मनापासून आनंद आहे. तेच किंग्ज ऑक्टोबर २०१९ मध्ये इंडियाना पेसर्सबरोबर वरळीत दोन सामने खेळले, आणि पहिल्या दिवशी प्रेक्षागारात शाळकरी मुलं होती, याचाही आनंद आहे. सिॲटलच्या ज्या पोरांनी बापाबरोबर पेटनला खेळताना पाहिलं, त्यांना तो संघ हिरव्या-लाल जर्सीत आजही अशा जुन्या गेममध्ये हाताळता येतो.

म्हणून हे पत्र. सीडीवरच्या या हंगामाला इंटरनेट लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. नव्या गेम्सचं तसं नाही. ‘एनबीए टूके १४’ या बास्केटबॉल गेमचे सर्व्हर (कंपनीचे इंटरनेटवरचे संगणक) मार्च २०१५ मध्ये बंद झाले तेव्हा घरी एकट्याने खेळलेल्या करिअरच्या फायलीसुद्धा लोकांना उघडेनात, ओरड झाल्यावर कंपनीने ते पुन्हा सुरू केले. ‘टूके २०’चे सर्व्हर २०२२ संपताना बंद झाले. खेळाडू, संघ, चिन्हं यांचे परवाने मुदतीचे असल्याने क्रीडा गेम्स ऑनलाइन दुकानांतून लवकर काढले जातात. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेम्सपैकी ८७ टक्के नव्याने विकत मिळत नव्हते. म्हणजे जे टिकेल ते लोकांच्या कपाटांतूनच टिकेल.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. वाचकांनी दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या क्रीडा गेम्सच्या सीड्या भंगारवाल्याला देऊ नयेत. डबा आणि आतली माहितीपुस्तिका असेल तर तीही सोबत ठेवावी. आणि बालेवाडीचं क्रीडासंकुल, विद्यापीठांचे शारीरिक शिक्षण विभाग, जुने जिमखाने यांच्यापैकी कुणीतरी यासाठी एक कपाट आणि एक चालू स्थितीतला जुना संगणक ठेवावा. क्रिकेट, फुटबॉल, टेनिस, कोणत्याही खेळाचे गेम चालतील. प्रशिक्षकांनी मुलांना तिथे नेऊन पंचवीस वर्षांपूर्वीचा खेळ हाताने खेळायला द्यावा. अशी संस्था पुढे आली तर आमची सीडी आणि हंगामाची वही द्यायला आम्ही तयार आहोत. संस्थेने आपल्या कार्यालयामार्फत कळवावं.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, नागपूर