बीटल्स फुटले ते योकोमुळे नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बीटल्सवर, म्हणजे जॉन, पॉल, जॉर्ज आणि रिंगो या चौघांच्या इंग्लिश बँडवर, लेख आला होता, तो वाचल्यावर राहवलं नाही म्हणून लिहितोय. लेख छान होता पण शेवटी परत तेच, की जॉन लेननच्या आयुष्यात योको ओनो आली आणि बँड फुटला. पन्नास वर्षं होऊन गेली तरी हेच चाललंय. ज्यांनी लेख लिहिलाय त्यांना माझी विनंती आहे की पीटर जॅक्सनची ‘गेट बॅक’ ही डॉक्युमेंटरी एकदा पूर्ण बघा. २०२१ मध्ये आली, तीन भाग आहेत, जवळजवळ आठ तासांची आहे, मी मागच्या महिन्यात दुसऱ्यांदा बघून संपवली.

हे सगळं शूटिंग जानेवारी १९६९ चं आहे. आधी लंडनच्या ट्विकनहॅम स्टुडिओत, तो म्हणजे सिनेमाच्या शूटिंगचा भला मोठा रिकामा हॉल, तिथे सकाळी सकाळी थंडीत येऊन गाणी बसवायची आणि समोर कॅमेरे चालू. ते सगळं मायकेल लिंडसे-हॉगने शूट केलं होतं आणि त्यातून १९७० साली ‘लेट इट बी’ नावाचा ऐंशी मिनिटांचा सिनेमा निघाला. तो थिएटरला लागला मे महिन्यात आणि पॉल मॅकार्टनी बँडमधून बाहेर पडल्याची बातमी आली होती एप्रिलमध्ये, म्हणजे लोकांनी तो सिनेमा सुतकातच बघितला म्हणा ना, प्रत्येक फ्रेममध्ये भांडणच दिसणार. बाकीचं फुटेज तसंच पडून होतं, जवळजवळ साठ तासांचं चित्रण आणि दीडशे तासांचा आवाज. जॅक्सनने ते सगळं ऐकलं, एकमेकांत मिसळलेले आवाज कॉम्प्युटरने वेगळे केले, आणि मग कळतं की त्या महिन्यात काय काय चाललेलं.

योको काय करत असते तर जॉनच्या शेजारी बसलेली असते, पेपर वाचते, विणकाम करते. पॉल स्वतः तिथे बोलतो की पन्नास वर्षांनी लोक म्हणतील योको अँपवर (गिटारच्या स्पीकरवर) बसली म्हणून हे वेगळे झाले, आणि हे किती हास्यास्पद वाटेल! १९६९ मध्ये बोललाय तो हे.

खरं दुखणं जॉर्ज हॅरिसनचं होतं, आणि ते बघताना मला फार त्रास झाला. वय २५, सगळ्यात धाकटा, पंधरासोळा वर्षांचा असल्यापासून जॉन आणि पॉलच्या मागे. ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ सारखं गाणं घेऊन येतो, ते थोडं वाजवतात आणि परत पॉल नाहीतर जॉनच्या गाण्याकडे वळतात. १० जानेवारीला जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास तो उठतो आणि मी बँड सोडतोय म्हणून सांगून निघून जातो, आवाज चढवत नाही काही नाही. नंतर सोमवारी कँटीनमध्ये जॉन आणि पॉलचं बोलणं आहे, फुलांच्या कुंडीत माईक लपवलेला होता म्हणून ते आज ऐकायला मिळतं. त्यात जॉन म्हणतो की जॉर्जची जखम चिघळत गेली, ती आपणच चिघळू दिली आणि साधी पट्टीसुद्धा बांधली नाही. म्हणजे त्यांना कळत होतं हो. त्याच सोमवारी आधी जॉनही वेळेवर येत नाही आणि पॉल म्हणतो आता दोघंच उरलो, तेव्हा त्याचे डोळे बघा.

दुसरं कारण म्हणजे घरात मोठं माणूस राहिलं नव्हतं. मॅनेजर ब्रायन एपस्टाईन ऑगस्ट १९६७ मध्ये गेला, त्यानंतर कोणी कोणाला बोलवायचं, कोणी वेळ ठरवायची हे सगळं पॉलवर पडलं, आणि बरोबरीच्या माणसाने शिस्त लावली की ती कोणाला आवडत नाही. त्यात अ‍ॅलन क्लाईनचा विषय निघाला, नवा मॅनेजर म्हणून, पुढे तिघं त्याच्या बाजूने आणि पॉल एकटा विरोधात, शेवटी १९७० च्या अखेरीस कोर्टकचेरी. हा व्यवहाराचा भाग डॉक्युमेंटरीत कमी आलाय, तो यायला हवा होता असं मला वाटतं.

पण यात नुसतं रडगाणं नाहीये. एका सकाळी जॉन आलेला नाही, जॉर्ज जांभया देतोय, रिंगो नुसता बघतोय आणि पॉल बेस गिटार साध्या गिटारसारखी खरवडत काहीतरी गुणगुणतोय, शब्द नाहीत, चालही धड नाही, आणि दोनतीन मिनिटांत त्या खरवडण्यातून ‘गेट बॅक’ हे गाणं वर येतं आणि जॉर्ज आपोआप साथ द्यायला लागतो. मी ते चारदा मागे घेऊन बघितलं. तसंच बिली प्रेस्टन हा बाहेरचा अमेरिकन वादक येऊन कीबोर्डवर बसतो तेव्हा सगळ्यांचे चेहरेच बदलतात, पाहुणा आला की घरातली कुरबुर थांबते तसं. आणि शेवटी ३० जानेवारीला, जॉर्ज परत आलेला, लंडनच्या सॅव्हिल रोवरच्या त्यांच्याच कंपनीच्या ऑफिसच्या गच्चीवर ४२ मिनिटं, कडाक्याची थंडी, खाली रस्त्यावर गर्दी, पोलीस दारात, आणि हे चौघं एकमेकांकडे बघून हसतायत. अशी माणसं एकमेकांचा द्वेष करत होती यावर माझा विश्वास नाही.

हे मी एवढं पोटतिडकीने का लिहितोय तर आमचाही मिरजेत ऑर्केस्ट्रा होता, अकरा वर्षं चालला, मी कीबोर्डवर. बंद पडला तेव्हा सगळे म्हणाले गायकाचं लग्न झालं, बायकोने फोडला. त्या वहिनी तालमीला आम्हाला चहा करून आणायच्या! खरं कारण आमचा गिटारवाला, त्याच्या स्वतःच्या चाली होत्या, चांगल्या होत्या, आणि आम्ही चार वर्षं त्याला पुढच्या कार्यक्रमात बघू म्हणत राहिलो, मीसुद्धा. एक दिवस तो आलाच नाही. वहिनींवरचा ठपका अजूनही कोणी पुसलेला नाही, मी तरी या पत्रातून पुसतोय.

शेवटी एक सुचवायचं होतं. ट्विकनहॅमच्या बरोबर एक वर्ष आधी, जानेवारी १९६८ मध्ये, हाच जॉर्ज आपल्या मुंबईत फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग करत होता. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, आशिष खान असे वादक होते आणि तो सांगेल तसं वाजवत होते, ‘द इनर लाईट’चं संगीत तिथलंच. बीटल्सच्या सिंगल रेकॉर्डवर आलेलं जॉर्जचं हे पहिलं गाणं. लंडनमध्ये ज्याच्या गाण्याला रांगेत थांबावं लागत होतं त्याला मुंबईत एवढे मोठे वादक मन लावून साथ देत होते, यावर पुरवणीत एक सविस्तर लेख आला तर मी कात्रण जपून ठेवीन.

आपला नियमित वाचक,
मिरज